हबमध्ये ठासलेले वंगण

गाडीची चारही चाके जॅकवर अधांतरी होती. वर्कशॉपच्या मास्तरांनी फोर-व्हीलची लिव्हर ओढली, गाडी गिअरमध्ये टाकून इंजिन मंद चालू ठेवले आणि खाली उतरून पुढे उकिडवे बसले. फिरायला हवी होती पुढची चाके. फिरत होता तो उजव्या चाकामागचा नुसता अ‍ॅक्सल. चाक ढिम्म.

पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यभागी बसवलेले ऑटोमॅटिक हब हे एका परीने दारावरचे द्वारपाल. गरज पडली की अ‍ॅक्सलला चाकाशी जोडायचे. गरज सरली आणि गाडी चार पावले मागे घेतली, की सोडायचे. दोहोंतला एक जरी कामाला उठला नाही, तरी सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूने वाया जाते आणि पुढची दोन्ही चाके लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्यांसारखी बसून राहतात. मास्तरांना हे तीस वर्षे ठाऊक होते.

ही गाडी गुरांच्या दवाखान्याची. तीन आठवड्यांपूर्वी ती चिखलाच्या चढावर रुतली होती. डॉक्टरीणबाई पिशवी खांद्याला लावून दीड तास चालत गवळ्याच्या गोठ्यात पोहोचल्या. गाय वाचली, वासरू पोटातच गेले. चौकशी झाली. गाडी चालवणारा मास्तरांचा धाकटा मेहुणा. साहेबांनी वर्कशॉपचे मत लेखी मागवले, तेव्हा तो मास्तरांपाशी आला होता.

"भावोजी, लिव्हर मी बरोबर टाकली होती. पण उजव्या हबचा खटका काही ऐकू आला नाही."

"गाडीला कान लावून नाडी बघतोस? वैद्य कधीपासून झालास?" मास्तर म्हणाले. सगळे वर्कशॉप हसले. मग त्यांनी गाडी अंगणात सपाटीवर एक फेरी मारून आणली आणि कागदावर वळणदार अक्षरात लिहिले : यंत्रणा निर्दोष; चालकाला फोर-व्हील वापरण्याची पद्धत अवगत नाही. सपाटीवर मागची दोन चाकेच पुरतात, हे नवशिक्यालाही कळते. जॅक लावण्याचे कष्ट त्यांनी घेतले नव्हते. मेहुण्याच्या शब्दाखातर जॅक लावणे त्यांना कमीपणाचे वाटले होते. मेहुण्याच्या हातून गाडी गेली. तो फाटकावर ये-जा नोंदवू लागला. आणि काल नव्या चालकाच्या हातीही गाडी त्याच चढावर रुतली.

मास्तरांनी इंजिन बंद केले आणि सहा बोल्ट सोडून उजव्या हबचे झाकण काढले. आत तपकिरी वंगण काठोकाठ ठासलेले होते. त्यात बारीक स्प्रिंगा आणि सरकणारी कडी अशी बुडाली होती, की हलायला वाव म्हणून नव्हता. या हबला वंगणाचा पातळ हात पुरतो. हाताने फिरवायच्या जुन्या हबांची गोष्ट निराळी, पण त्या काळापासून मास्तरांचे ब्रीदवाक्यच होते : वंगणाने कुणाचे वाईट झाले नाही. दोन महिन्यांपूर्वी हा हब त्यांनी स्वतः भरला होता. कुणा दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता.

जेवणाची सुट्टी होती. आसपास कुणी नव्हते. रॉकेलचा डबा हाताशी, चिंधी खांद्यावर. दहा मिनिटांत सारे धुऊन निघाले असते आणि वहीत 'स्प्रिंग झिजली, बदलली' एवढी ओळ पुरली असती. त्यांनी चिंधी हातात घेतलीही. मग आपलाच हात पाहून त्यांना अशी शिसारी आली, की चिंधी फेकून, तो बरबटलेला हब उतरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून ते तसेच साहेबांच्या खोलीत गेले.

"हे काय, मास्तर?"

"माझी चूक. त्या पोराची नव्हती. पहिला कागद खोटा आहे. दुसरा लिहून देतो."

साहेबांनी कागद पुढे सरकवला. या वेळी अक्षर वळणदार आले नाही.

फाटकावर मेहुण्याने सगळे ऐकून घेतले. रागावेल, निदान एखादा टोमणा मारील, अशी मास्तरांना आशा होती. शिवीने त्यांना बरेच हलके वाटले असते.

"मला वाटलं, तुम्ही म्हणताय म्हणजे माझंच चुकलं असेल," तो म्हणाला. "रोज रात्री आठवायचो, काय राहिलं असेल माझ्याकडून. शेवटी गवळ्याच्या दारी गेलो, हात जोडले. म्हटलं, दादा, तुमचं वासरू माझ्यामुळे गेलं."

मास्तरांना जमिनीत गडप व्हावेसे वाटले. "तुझ्या ताईला बोललास?"

"कशाला? तिला तुमचा केवढा अभिमान."

दोघांनी मिळून दोन्ही हब धुतले, कोरडे केले, बोटाने वंगण फिरवले. पुन्हा जॅक, पुन्हा लिव्हर, चाके फिरली. मास्तर म्हणाले, "गाडी काढ. गवळ्याकडे जायचंय."

"भावोजी, मी सांगतो ना त्याला. तुम्ही कशाला?"

"तुझं पुरेसं सांगून झालंय."

चढ गाडीने विनातक्रार ओलांडला. गवळी अंगणात कडबा तोडत होता. मेहुण्याला पाहून त्याने ओळखीने मान हलवली आणि मास्तरांकडे बोट केले. "हे कोण?"

"माझे भावोजी. वर्कशॉपचे मास्तर." एवढे होऊनही त्याच्या स्वरात जुना आदर होता, तो मास्तरांना सगळ्यात जास्त बोचला.

"त्या दिवशी गाडी याच्यामुळे अडली नाही," मास्तर म्हणाले. "मी बिघडवली होती. वर याच्यावर ढकललं."

गवळ्याने विळा खाली ठेवला. मग मेहुण्याला म्हणाला, "बस रे, पाणी देतो," आणि आत जाऊन एकच तांब्या घेऊन आला.

मेहुण्याने अर्धे पाणी पिऊन तांब्या भावोजींपुढे धरला. मास्तरांनी मान हलवून नको म्हटले आणि ते उन्हात उभेच राहिले.