चव कुणाची

सम्यक डिसेंबरात मुंबईहून घरी आला तेव्हा त्याच्याबरोबर दोन जड खोकी होती. रिक्षावाल्याला हात लावू न देता त्यानं ती एकेक करून स्वतः आत आणली आणि खाटेखाली सरकवली.

"किती दिवस सुट्टी?" दीक्षानं विचारलं.

"महिनाभर आहे. बघू."

दीक्षाच्या मनात पहिली शंका तिथंच आली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत हॉटेलनं त्याला सलग आठ दिवसांपेक्षा जास्त कधी सोडलं नव्हतं. डिसेंबरात तर कधीच नाही. मोठ्या हॉटेलात तो वाइन वाढायचं काम करायचा. कोणत्या जेवणाबरोबर कोणती बाटली चांगली लागेल ते पाहुण्यांना सांगायचं, बाटली उघडून आधी आपण वास घ्यायचा, मग ओतायची. ती स्वतः पावस गावाच्या वाटेवरच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती, म्हणून रत्नागिरीतच, नाचणे रोडच्या घरी सासूबाईंजवळ राहिली होती.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा खोकी उघडलेली होती. चोवीस बाटल्या, सगळ्या लाल वाइनच्या, भिंतीकडेनं आडव्या लावलेल्या.

सासूबाई, सुनंदाबाई, दारात उभ्या होत्या. त्या अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. दर रविवारी घरात पंचशील म्हटलं जायचं आणि पाचव्या, दारू न पिण्याच्या शीलाला त्यांचा आवाज जरा वर चढायचा. मुलानं ही नोकरी धरली तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती: तिकडं काय करायचं ते कर, घरात थेंब आणायचा नाही. अकरा वर्षं त्यानं ती पाळली होती.

"आई, हे काम आहे," सम्यक म्हणाला. "पावसला गुरुप्रसाद म्हणून एक जण आहेत. आंब्याच्या बागेत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात. त्यांना आपलं घरगुती जेवण आणि त्याबरोबर वाइन असं काही सुरू करायचंय. कुठली कशाबरोबर लागते ते मी ठरवून द्यायचंय."

"हाटेल सोडून?"

"सुट्टीत. जोडीला."

सुनंदाबाई वळून आत गेल्या. पण त्या संध्याकाळी त्यांनी दीक्षाला स्वयंपाकघरात गाठलं. "दीक्षा गो, बाटल्या मोजून ठेव."

दीक्षानं मोजल्या नाहीत, पण लक्ष ठेवलं.

रोज संध्याकाळी तेच व्हायचं. आज जेवायला काय, असं सम्यक विचारायचा. ती सांगायची: बांगड्याचं तिखलं, कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची आमटी, सोडे घातलेली वांगी. तो एक बाटली उघडायचा, काचेच्या दोन उंच पेल्यांत दोन-दोन घोट ओतायचा आणि एक पेला तिच्यापुढं धरायचा.

"मी पिणार नाही," पहिल्या दिवशी ती म्हणाली.

"पिऊ नकोस. वास घे, तोंडात घोळव आणि बेसिनमध्ये थुंक. आम्ही पण तसंच करतो. गिळलं नाही तर शील मोडत नाही."

"ते तुम्ही ठरवायचं नाही."

पण त्याचा चेहरा इतका उतरला की तिनं पेला घेतला. त्याला खूश करायचं हे एक कारण होतं. दुसरं असं की हा नेमकं करतोय काय, ते तिला जवळून बघायचं होतं.

"काय वाटतं?" त्यानं विचारलं. हातात वही, पेन तयार.

"तुरट आहे. काजूचा बोंडू खाल्ल्यावर जीभ कशी आखडते, तसं."

"आणि वास?"

"करवंदाचा. पिकलेल्या नाही, अजून लाल आहे तेव्हाच्या. मागून मिरीसारखं काहीतरी." ती आमटीचा घास खाऊन पुन्हा एक घोट घोळवून थुंकली. "भाजलेल्या खोबऱ्याबरोबर तुरटपणा गेला. गोड वाटायला लागली."

तो भराभर लिहीत होता. तिनं सांगितलेला शब्द न् शब्द. स्वतः त्यानं एक घोट घेतला, डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाला, "बरोबर."

आठवडाभरात दीक्षाला या खेळात रस वाटायला लागला, हे तिनं स्वतःशी कबूल केलं. एक वाइन तळलेल्या सुरमईबरोबर जिभेवर लोखंडासारखी लागली, तीच कोंबडीच्या रश्श्याबरोबर एकदम मऊ झाली. एकीला सुकत घातलेल्या आमसुलांचा वास होता. हे सगळं आपल्याला कळतं, याचं तिला नवल वाटत होतं.

पण त्याच आठवड्यात शंकाही वाढत गेली.

तो दारू पीत नव्हता, एवढं तिच्या लक्षात आलं. उरलेली बाटली तो सकाळी मोरीत ओतून द्यायचा. ज्याला प्यायची सवय लागली तो असं करणार नाही. मग काय चाललं होतं? जेवताना तो प्रत्येक गोष्टीवर लोणचं घ्यायचा, पिठीवरसुद्धा. जेवण कसं झालंय विचारलं की "मस्त" म्हणायचा, रोज एकाच आवाजात. पूर्वी तो आमटीत हिंग जास्त पडला तर लगेच सांगायचा. एकदा ती अंघोळीला गेली असताना दूध उतू जाऊन पातेल्याला लागलं, करपलं, घरभर धूर झाला. सम्यक शेजारच्या खोलीत फोन घेऊन बसला होता. धूर डोळ्यांत गेला तेव्हा तो उठला.

"फोनवर कोण होतं एवढं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही."

आणि हॉटेलातून एकदाही फोन आला नव्हता. महिन्याच्या सुट्टीवर गेलेल्या माणसाला कुणीच काही विचारत नाही, हे तिला पटेना.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. ती घरी आली तेव्हा सम्यक मागच्या पडवीत पाठमोरा उभा राहून कुणासाठी तरी आवाज रेकॉर्ड करत होता. "गुरुप्रसादसाहेब, पहिल्या बाटलीत मला बोंडूचा तुरटपणा जाणवला. लाल करवंदाचा वास आला. भाजलेल्या खोबऱ्याबरोबर घेतली आणि ती गोड होत गेली..."

दीक्षा चप्पल न काढता तशीच उभी राहिली. शब्द तिचे होते. क्रमसुद्धा तिचाच. आणि तो "मला" म्हणत होता.

रात्री जेवताना तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तो पेला नाकाशी नेत होता, डोळे मिटत होता, आणि तिच्या तोंडून काहीतरी येण्याची वाट बघत होता. नेहमी ती आधी बोलायची. तिनं ते आज पहिल्यांदा ताडलं. आज ती मुद्दाम गप्प राहिली.

"तू सांग ना," तो म्हणाला.

"तुम्हीच सांगा आधी."

"नको. तुझ्यावर परिणाम होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षानं त्याचा एक पेला उचलला, त्यात मूठभर सुका जवळा भरला आणि वर ताटली ठेवून कपाटाच्या मागं लपवला. संध्याकाळी जवळा काढून टाकला, पेला नुसता झटकला, धुतला नाही. नाकाजवळ नेला आणि लगेच लांब धरला. सगळं मिरकरवाडा बंदर त्या पेल्यात उतरलं होतं.

जेवायच्या वेळी तिनं स्वतः बाटलीतली वाइन दोन्ही पेल्यांत ओतली आणि तो पेला त्याच्यापुढं ठेवला. "आज मी नंतर सांगणार. ही पहिल्या दिवशीचीच वाइन आहे. तुम्हाला आठवतेय का बघू."

सम्यकनं पेला उचलला, गोल फिरवला, नाक आत घालून खोल श्वास घेतला. समोर बसलेल्या सुनंदाबाईंनी नाकाला पदर लावला.

"करवंद," तो म्हणाला. "मागं थोडी मिरी."

सुनंदाबाईंनी दीक्षाकडे पाहिलं, मग मुलाकडे. "सम्यक, जवळ्याचा वास येतोय त्याला. मला हितवर येतोय."

त्यानं पेला खाली ठेवला. पुन्हा उचलून वास घेतला आणि पुन्हा ठेवला. त्याचे कान लाल झाले होते.

"कधीपासून?" दीक्षानं विचारलं.

"गणपतीच्या आधी ताप आला होता. तू फोनवर म्हणालीस डॉक्टरकडं जा, तोच." तो ताटाकडे बघत बोलत होता. "ताप गेला आणि नाक मेलं. खारट, आंबट, तिखट कळतं. बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत येईल, वर्षानं येईल, कदाचित येणारही नाही. मी हॉटेलात कुणाला सांगितलं नाही. दोन महिने निभावलं. मग एका टेबलावर खराब झालेली बाटली वाढली. ओल्या गोणपाटासारखा वास मारत होती म्हणे. परत तेच झालं, आणि त्यांनी जायला सांगितलं."

"म्हणजे सुट्टी नाही."

"नाही."

"आणि मला रोज विचारत होतात ते गुरुप्रसादना सांगायला."

"हो."

दीक्षाला राग आला होता, पण तो नेमका कशाचा, हे कळायला तिला वेळ लागला. नाकाचा नव्हता, नोकरीचाही नव्हता. "मला का नाही सांगितलंत? मी काय बाहेरची होते?"

"तू रोज वाढताना विचारतेस, कसं झालंय. तुझ्या हातचं काहीच कळत नाही, असं कसं सांगू?"

सुनंदाबाई उठल्या आणि तो पेला घेऊन मोरीकडे गेल्या. बराच वेळ त्या तो घासत होत्या.

गुरुप्रसाद येत्या रविवारी जेवायला येणार होते. त्या जेवणावरच सगळं ठरणार होतं. दीक्षानं सांगितलं, त्यांना आधी खरं सांगून टाका. सम्यक म्हणाला, सांगितलं की तिथंच संपलं, निदान रविवार होऊ दे. त्या जेवणाच्या तीन बाटल्यांबद्दल तिनं सांगितलेलं सगळं त्याला पाठ होतं.

"स्वयंपाक मी करीन," दीक्षा म्हणाली. "खोटं बोलायला मला सांगू नका."

रविवारी गुरुप्रसाद साडेसातला आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. कोंबडी-वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, तळलेली सुरमई असा बेत होता. सम्यकनं पहिली बाटली उघडली आणि तो असं काही बोलला की दरवाजात उभी असलेली दीक्षासुद्धा त्याला वास येत नाही हे क्षणभर विसरली. मासा या वाइनबरोबर देऊ नका, लोखंडासारखा लागेल. वाटाण्याबरोबर द्या. गुरुप्रसाद चाखून बघत होते आणि मान डोलवत होते. दुसरी बाटली झाली, तिसरी झाली.

मग त्यांनी आपल्या पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक बाटली काढली. "ही मी आणलीय. नाव बघू नका. नुसती चाखून सांगा, यातल्या कशाबरोबर द्यायची."

सम्यकनं बूच काढलं, पेल्यात थोडी ओतली. नाकाशी नेली. आणि मग, "एक मिनिट, पाणी आणतो," म्हणून पेला हातात घेऊनच आत आला.

त्यानं पेला दीक्षापुढं धरला. तिला न वाकताच वास आला: पिकून फुटलेल्या जांभळाचा, आणि त्याखाली धुराचा. सुरमईबरोबर चालणार नाही, कोंबडीच्या रश्श्याबरोबर उत्तम. सगळं तिच्या जिभेच्या टोकाशी होतं.

"दीक्षा," तो हळू म्हणाला.

"मला विचारू नका. बाहेर जाऊन सांगा त्यांना."

तो तसाच उभा राहिला. बाहेर गुरुप्रसाद सुनंदाबाईंना आंब्याच्या मोहोराबद्दल काहीतरी विचारत होते. शेवटी सम्यक पाणी न घेताच बाहेर गेला. दीक्षाला त्याची पाठ दिसत होती.

"साहेब, मला वास येत नाही," तो म्हणाला. "चार महिने झाले. मी तुम्हाला जे पाठवत होतो ते माझ्या बायकोनं सांगितलेलं होतं."

गुरुप्रसादांनी घास खाली ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. फसवल्या गेलेल्या माणसाची ती नजर दीक्षाला ओळखीची होती.

"हॉटेल त्यासाठीच सुटलं?"

"हो."

"आणि हे तीन बाटल्या झाल्यावर सांगताय."

सम्यकनं हातातला पेला त्यांच्यापुढं ठेवला. गुरुप्रसादांनी आत पाहिलं. "वहिनी, जरा बाहेर या."

दीक्षा आली. त्यांनी पेला तिच्याकडे सरकवला. तिनं वास घेतला, घोट तोंडात घोळवला, बेसिनवर जाऊन थुंकला आणि जे वाटलं ते सांगितलं. गुरुप्रसादांनी बाटलीवरचा कागद काढून मागचं लेबल वाचलं, पण बरोबर की चूक ते सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "आठवड्यातून दोन दिवस याल?"

"नाही," दीक्षा म्हणाली. "मला शाळा आहे. आणि हे मी घरातल्या माणसासाठी केलं. कायम करायचं ते मला पटणार नाही."

ते जेवण पुरं करून गेले. आठ दिवस त्यांचा फोन आला नाही. सम्यक सकाळी उठून अंगण झाडायचा, आईला बाजारातून मासे आणून द्यायचा आणि कुणाशी फारसं बोलायचा नाही. नवव्या दिवशी फोन आला. चव ठरवायला त्यांनी नाशिकचा एक माणूस नेमला होता. जेवणघर सांभाळायला, वाढायचं कसं ते गावातल्या पोरींना शिकवायला माणूस हवा होता. आधी सांगितलं होतं त्याहून हे काम लहान होतं. "विश्वास बसायला वेळ लागेल," त्यांनी स्पष्ट सांगितलं. "तरी यायचं तर या."

सम्यक गेला. आता तो रोज सकाळी पावसच्या एसटीनं जातो, दीक्षा त्याच गाडीत असते आणि शाळेपाशी उतरते. उरलेल्या बाटल्या त्यानं गुरुप्रसादांकडे पोचवल्या. सुनंदाबाईंनी ती भिंत पुसून घेतली.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी जेवताना तो थांबला आणि म्हणाला, "हिंग जास्त झालाय का गं?"

दीक्षानं त्याच्याकडे बघितलं. फोडणीत आज हिंग खरंच जास्त पडला होता, पण ती चुलीपाशी तसं पुटपुटली होती आणि तेव्हा तो दारातच होता. त्यानं ऐकलं असेल, किंवा खरंच आला असेल वास.

"तुम्हाला आला?"

"थोडा. वाटलं तसं." मग तो म्हणाला, "नक्की नाही सांगता येत."

तिनं उठून मसाल्याच्या डब्यातल्या दोन वाट्या आणल्या आणि त्याला डोळे मिटायला सांगितलं.