अंकल कोह यांची राखलेली जागा

मंगळवार, सकाळी सात वाजून दोन मिनिटं. सिंगापूरच्या बेडोक भागातल्या आमच्या बारा मजली इमारतीखाली अंकल कोह यांनी सिमेंटच्या स्टुलावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवलं आणि विसरलेला चष्मा आणायला ते वर गेले. जाताना त्यांनी डावा खांदा घट्ट धरला होता. हे फक्त मी पाहिलं.

मित्रांनो, मी एक जुना बुद्धिबळाचा पट आहे. काळ्यापांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा, सिमेंटच्या टेबलात कायमचा बसवलेला. मला हलता येत नाही, हाकही मारता येत नाही.

चाळीस वर्षांपूर्वी मी इथे आलो. तेव्हाचे म्हातारे सांगत, इथल्या टेकड्या खणून त्यांच्या मातीने समुद्र मागे हटवला. पूर्वी तो दारातून दिसायचा. या मोकळ्या तळमजल्यावर मलय लग्नांचे मांडव पडले, चिनी घरांतल्या मयतीही झाल्या. दोन्हींची कॉफी माझ्यावरच ठेवली गेली. एकदा स्पर्धा झाली, तेव्हा मला तीनदा पुसलं. पुढे मोबाईल आले, खेळणारे कमी झाले. माझी चार घरं उडाली, ती आजही तशीच आहेत.

दोन वर्षांपूर्वी कमलाकर आले. पुण्याचे निवृत्त भूमापक, लेकीकडे राहायला. स्टुलावर पाकीट दिसलं, त्यांना वाटलं कोणी विसरलं. त्यातल्या रुमालाने घाम पुसून ते तिथेच बसले. मागून आवाज आला, "अंकल, दॅट माय सीट ला. टिश्यू ऑल्सो माय."

कमलाकर ओशाळले. मग मोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं, की आमच्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. अंकल कोह खूप वेळ हसले. दुसऱ्या दिवसापासून रोज डाव.

आज कमलाकरांनी साडेसातला सोंगट्या मांडल्या. पाकीट दिसलं, म्हणून ते निर्धास्त होते. भाजी घेऊन आलेली एक बाई स्टुलाशी थांबली, पाकीट पाहून पुढे गेली. आठ वाजले. साडेआठ.

पावणेनऊला त्यांची मुलगी अनघा ऑफिसला निघाली.

"बाबा, एकटेच?"

"जागा धरून गेलेत. येतील."

"कधी गेले?"

"माझ्या आधीच."

"म्हणजे तास उलटून गेला. राहतात कुठे ते?"

कमलाकरांनी वरच्या मजल्यांकडे पाहिलं.

"बाबा, आयुष्यभर लोकांच्या हद्दी मोजल्यात, आणि यांचं दार ठाऊक नाही?"

"डाव मांडल्यावर पत्ता कोण विचारतं, अनू?"

फोन नंबरही नव्हता. पत्रपेट्यांवर फक्त आकडे. कोपऱ्यावरची कॉफीवाली म्हणाली, "एट्थ फ्लोअर, आय थिंक." दार तिलाही माहीत नव्हतं. अनघा वर गेली. थोड्या वेळाने तिचा फोन आला. कमलाकरांनी तो स्पीकरवर टाकून माझ्यावर ठेवला.

"चौदा दारं आहेत. तीन उघडत नाहीत. एकाच्या आत रेडिओ चालू आहे, बेल वाजवून कोणी येत नाही. मी ॲम्ब्युलन्स बोलावलीये."

"मी वर येतो."

"तुम्ही तिथेच थांबा. ते दुसरीकडून खाली आले तर?"

मित्रांनो, एकमेकांची जागा राखायला इथे सगळेच शिकले. दार विचारायचं तेवढं राहिलं. ज्याची तुम्ही रोज वाट बघता, त्याचं दार आजच विचारून घ्या.

नऊ सव्वीसला रुग्णवाहिका आली. दोघं जण स्ट्रेचर घेऊन वर गेले. आता नऊ चाळीस झाले आहेत. लिफ्टचा आकडा आठवरच आहे. कमलाकर उभेच आहेत. पाकीट स्टुलावर आहे, आणि पांढऱ्याची पहिली खेळी अजून झालेली नाही.