अंड्यांचा मान

“आईनं एक जरी अंडं बघितलं ना, तर तुला या कालव्यात बुडवीन,” झुहैर म्हणाला.

“मग मित्रांना सांग, अंडी मारू नका म्हणून. मला कशाला बुडवतोस?”

“सांगून झालंय. तोबिया म्हणतो, या पादोवा शहरात अंगावर अंडं फुटलं नाही तर ती पदवीच नव्हे.”

“मग खा की मार. त्यात काय मोठं.”

“नौफल, डोकं फिरवू नकोस. आई काय बोलून आलीये ते माहितीये ना तुला?”

माहीत होतं. झुहैरची आई म्हणजे माझी मीलूदा आत्या. आमच्या बेनी मेलाल गावाहून पहिल्यांदाच विमानात बसून आली होती, पोराला पदवी मिळताना बघायला. झुहैरला इथंच पुढं डॉक्टरेट करायची होती आणि आत्यानं विमानतळावरच निकाल कसा लागणार ते सांगून टाकलं होतं. “मला इथली भाषा कळत नाही, पण डोळे आहेत. माझ्या पोराला इथं मान असेल तर राहू दे. नसेल तर माझ्याबरोबर परत. काकाच्या पंपाच्या दुकानात माणूस हवाच आहे.”

आता आमच्याकडं पोरगं पास झालं की दूध-खजूर देतात, शेजारी येऊन खांद्याचा मुका घेतात. इथं काय करतात? डोक्यावर हिरव्या पानांचा मुकुट घालतात, आणि मग मित्रच त्याला भर रस्त्यात जोकरासारखं सजवून अंडी मारतात, पीठ फासतात, भिंतीवर त्याचं नागडं चित्र लावतात आणि त्याच्या सगळ्या भानगडींची कविता त्यालाच मोठ्यानं वाचायला लावतात. चुकला की प्यायला देतात. झुहैर दारू पीत नाही, म्हणून त्याच्यासाठी ऑलिव्हच्या बरणीतलं खारं पाणी ठेवलं होतं. एवढीच काय ती दया.

“तू फक्त आईला मागच्या दारानं घरी ने,” तो म्हणाला. “मी अंघोळ करून येतो. बस.”

शाळा सोडल्यापासून घरातले सगळे मला असलीच कामं देतात. मागच्या दारानं न्यायची.

परीक्षेच्या हॉलमध्ये आत्या पहिल्या रांगेत बसली. हिरवा पायघोळ काफ्तान, मांडीवर मिठाईचा डबा, आत बदाम भरलेल्या चंद्रकोरी. झुहैर पुलाखाली साचणाऱ्या गाळाबद्दल बोलत होता. समोर पांढऱ्या केसांच्या प्रोफेसरबाई, चेहरा दाढ दुखत असल्यासारखा.

“ही बाई का दम देतेय त्याला?” आत्यानं मला कोपर मारलं.

“दम नाही, प्रश्न विचारतेय.”

“असं विचारतात? आमच्याकडं पोलीससुद्धा आधी चहा देतो.”

पण पास झाला. मुकुट घातला, टाळ्या वाजल्या. आत्यानं डोळे पुसले. झुहैरनं मला भुवयांनी खूण केली आणि मी आत्याचा दंड धरून तिला मागच्या दारानं बाहेर काढलं.

मागच्या गल्लीत दुसरीच एक पोरगी दिव्याच्या खांबाला चिकटपट्टीनं बांधलेली. जीन्सवर लहान बाळाचा लंगोट, केसांतून बलक गळतोय. मैत्रिणी फोटो काढत होत्या.

आत्या थांबली. “हिनं काय केलं?”

माझं डोकं तेव्हा इतकंच चाललं. “नापास झाली,” म्हटलं.

“अरे देवा.” आत्या सरळ तिच्याकडं गेली, रुमालानं तिच्या कपाळावरचा बलक पुसला आणि एक चंद्रकोर तिच्या तोंडात घातली. “रडू नकोस गं. पुढच्या वर्षी होशील. सकाळी उठून वाच, सकाळी डोक्यात राहतं.”

पोरगी तोंड भरून हसली. आत्या म्हणाली, “बघ, हसते बिचारी. घरी काय सांगणार आता?”

मी तिला ओढत होतो, ती पोरीला अजून दोन चंद्रकोरी भरवत होती, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाणं ऐकू आलं. ते गाणं इथं प्रत्येक पास झालेल्याला म्हणतात. त्यात शरीराच्या एका भागाचं नाव येतं, तो भाग मी आत्यासमोर सांगणार नाही. पुढं तोबिया, मागं दहा-बारा जण आणि मध्ये झुहैर. डोळ्यांवर पाणबुड्याचा चष्मा, कमरेला बदकाची हवेची रिंग, हातात संडासचा ब्रश. पाण्याचा इंजिनिअर ना. पिठानं पांढरा, अंड्यानं पिवळा.

 आत्यानं डबा माझ्या हातात दिला. पायातली चप्पल काढली.

“नापास केलं,” ती म्हणाली. “त्या पांढऱ्या केसांच्या बाईनं नापास केलं माझ्या पोराला.”

पहिला फटका तोबियाला बसला. त्याला वाटलं, आमच्याकडची काहीतरी पद्धत असेल. त्यानं वाकून “थँक्यू, सिन्योरा” म्हटलं आणि दुसरा खांदा पुढं केला.

“आत्या, थांब. तो पास झालाय.”

“मघाशी ती पोरगी नापास म्हणालास ना? हेच होतं की तिच्या अंगावर.”

“तिची अंडी बघितलीस का? एक-दोनच होती. नापासाला तेवढीच मारतात.”

“आणि पासाला?”

“पासाला जेवढा मान, तेवढी अंडी.”

चष्म्याच्या काचेमागून झुहैर माझ्याकडं बघत होता. कालवा तिथून जवळच आहे.

आत्यानं चप्पल खाली ठेवली, पायात घातली. पोराभोवती एक फेरी मारली. पाठ बघितली, मान बघितली, कान बघितले.

“एवढीच?” ती म्हणाली. “इतकी वर्षं रात्रंदिवस अभ्यास केला, त्याची एवढीच अंडी? हे कसले मित्र? जा, अजून आण.”

“मी नाही जाणार.”

“का?”

कारण शेजारच्या चौकात अंड्यांचा एकच ठेला, बेपीचा. आणि मागच्या महिन्यात मी चार लोकांसमोर बेपीला म्हणालो होतो की तुझी अंडी तुझ्या आजीच्या वयाची आहेत. तो म्हणाला होता, परत दिसलास तर एकेक करून तोंडावर फोडीन. हे आत्याला कसं सांगणार? म्हटलं, पाय दुखतोय.

मग तीच गेली. परत आली तेव्हा मागं बेपी दोन क्रेट घेऊन चालत होता, नवरीकडच्या पाहुण्यासारखा नम्र. मला बघून त्याचे कान लाल झाले. “हा इथं आहे का?” म्हणाला. पण आत्यानं त्याच्या तोंडात चंद्रकोर कोंबली आणि विषय संपला.

तिनं अंडी वाटायला घेतली. आधी प्रत्येकाला मिठाई, मग अंडं. लग्नात खजूर वाटावेत तसं. जर्मन पर्यटकांना दिली. कुरिअरवाल्याला दिलं. चर्चमधल्या एका जोगिणीनं विचारलं, मार्क किती पडले, मी सांगितले, मग तिनंही बाही सावरून मारलं आणि चांगला नेम होता तिचा. आत्या प्रत्येकाला मान लववून धन्यवाद देत होती.

मध्येच कविता वाचणं चाललं होतं. झुहैर वाचायचा, लोक खिदळायचे, आणि आत्या मला म्हणायची, “काय म्हणाला?”

त्यात होतं की त्यानं मटणाचं ताजीन शिजवताना होस्टेलचं स्वयंपाकघर पेटवलं. मी म्हटलं, “म्हणतात, याच्यामुळं सगळीकडं उजेड पडला.”

त्यात होतं की लायब्ररीतल्या मुलीसाठी त्यानं एकच पुस्तक वर्षभर नेलं-आणलं, आणि शेवटी तिनं लग्न केलं ते दंतवैद्याशी. मी म्हटलं, “म्हणतात, पुस्तकावर फार जीव याचा.”

“मग हसतात कशाला?”

“आनंद झालाय त्यांना.”

“आणि ते बरणीतलं पाणी?”

“मानाचं असतं.”

तेवढ्यात प्रोफेसरबाई सायकल ढकलत आल्या. लोकांनी बाजूला सरून वाट दिली. आत्यानं दोन्ही हातांत धरून एक अंडं त्यांच्यापुढं केलं. बाईंनी सायकल भिंतीला टेकवली, अंडं दोन्ही हातांनी घेतलं. अंड्याकडं बघितलं, मग झुहैरकडं.

“तिसरं प्रकरण अजून कच्चं आहे,” त्या म्हणाल्या, आणि बरोब्बर कपाळाच्या मधोमध हाणलं.

“काय म्हणाल्या?”

“तिसरं प्रकरण फार आवडलं म्हणाल्या.”

शेवटचं अंडं आत्यानं स्वतः घेतलं. बिस्मिल्ला म्हणून पोराच्या टाळक्यावर हलकेच फोडलं, जसं कढईच्या काठावर फोडतात, आणि जीभ हलवत, आमच्याकडं बायका लग्नात काढतात तसा लांबलचक आवाज काढला. खिडक्या उघडल्या. खांबाला बांधलेल्या पोरीनंही काढायचा प्रयत्न केला.

“राहू दे याला इथं,” आत्या म्हणाली. “आपल्याकडं गव्हर्नरला नाही एवढा मान.”

झुहैरनं मला मिठी मारली. रडत होता का बलक होता, कळलं नाही. मला वाटलं, मी जगातला सगळ्यात हुशार माणूस आहे.

हे काल दुपारचं.

रात्री जेवताना आत्यानं भाकरीचा तुकडा मोडला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “आणि तुझ्यावर?”

“माझ्यावर काय?”

“किती अंडी पडली आजपर्यंत?”

मी जॅकेटची बाही दाखवली. तिथं डाग होता.

“ते त्याचं लागलंय,” ती म्हणाली. “उसनं. तुझं स्वतःचं सांग. बारा वर्षांचा असताना आलास इथं. शाळा सोडलीस. कुणी एक तरी मारलं?”

बाबा ताटात बघत बसले. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण, तिच्यापुढं ते असेच बसतात.

“ज्याच्यावर अंडंसुद्धा कुणी फेकत नाही, तो इथं करतोय काय?” आत्या म्हणाली. “पंपाचं दुकान तसंच रिकामं आहे. मी ह्याला नेते.”

“ने,” बाबा म्हणाले. जरा विचार तरी करायचा.

मग मी खरं सांगितलं. म्हटलं, आत्या, ते मान-बिन सगळं मी बनवलं होतं. इथं ती थट्टा असते. तुझ्या पोराची भर रस्त्यात लाज काढली त्यांनी. झुहैरनं टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली.

आत्या शांतपणे म्हणाली, “एवढी मोठी प्रोफेसर. दोन्ही हातांनी घेतलं तिनं अंडं. ती थट्टा करेल? अंडी मिळाली नाहीत म्हणून जळतोस तू.”

“आणि मिळालं तर?”

“तर राहा. एकच पुरे. पण मारणाऱ्यानं मनापासून मारलं पाहिजे. मित्राला सांगून मारून घेतलंस तर मला कळेल. मी आई आहे.”

मला पंपाच्या दुकानात नाही बसायचं. तिथं काका दिवसभर एकच बटण दाबतो आणि म्हणतो, बघ, किती गुळगुळीत चालतो. इथं निदान भांडायला माणसं ओळखीची आहेत.

आज सकाळपासून फिरतोय. आधी तोबियाकडं गेलो, म्हटलं, मन लावून मार. तो म्हणाला, “तू काय पूर्ण केलंस?” म्हटलं, काही नाही. “मग कसं मारू? नियम आहे.” मग चौकात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या द्यायला लागलो. एरवी या गावात साधं ‘बाजूला व्हा’ म्हटलं तरी लोक अंगावर येतात. आज एका म्हाताऱ्यानं विचारलं, बरं वाटत नाही का पोरा, आणि कॉफी पाजली. भाजीवालीनं टोमॅटो मारला, तो मी आत्याला दाखवायला नेला. तिनं वास घेतला आणि म्हणाली, “हे अंडं नाही.”

आत्ता ती चौकातल्या कारंज्याजवळ बसलीये. बॅग पायाशी, हिरवा काफ्तान, तोंड बाजाराकडं. विमानतळाची बस यायला अजून थोडा वेळ आहे. शेजारी झुहैर उभा आहे, केसांत अजून पीठ, आणि हसतोय.

आणि समोर बेपीची गाडी आलीये. तो एकेक क्रेट उतरवतोय, ठेल्यावर रचतोय. त्यानं मला बघितलं. कान लाल व्हायला लागलेत.

त्याच्या आजीबद्दल मागच्या महिन्यात मी अर्धंच बोललो होतो. उरलेलं आहे माझ्याकडं. मला आता निघायला हवं.