अठराव्या जोडावरचा रंग

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी बोगद्यातला दुसरा पंप चालू झाला. पहिल्याला पाणी आवरेनासं झालं की दुसरा आपोआप लागतो. एरवी हे वादळात व्हायचं. त्या दिवशी समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निपचित होता.

पंपमिस्त्री तेव्हा पंपघरात नव्हते. बोगद्याच्या तोंडापासून हाकेच्या अंतरावरच्या सभागृहात, शेवटच्या रांगेत, मेहुण्याचा कोट घालून बसले होते. पंपघरात होता तो मेहुणा. त्याचाच फोन आला.

"दाजी, दुसरा लागलाय."

"भरती आहे का?"

"ओहोटी आहे. आणि कोटाला घाम लावू नका."

मिस्त्रींनी फोन खिशात टाकला. समोर चौदा देशांचे प्रतिनिधी दोन दिवस एकाच प्रश्नावर घसा कोरडा करत होते: समुद्राखालून सगळ्या देशांना जोडणारं बोगद्यांचं जाळं बांधावं की नाही. या गावाचा दीड किलोमीटरचा बोगदा बावीस वर्षं चालतोय, म्हणून चर्चेला हे गाव. पहिला दिवस गेला कुणाच्या दाराला एक नंबर द्यायचा यात. दुसऱ्या दिवशी सकाळी विषय निघाला, भर समुद्राखाली मूल जन्मलं तर ते कुठल्या देशाचं. एका प्रतिनिधीने जाळ्यालाच कडाडून विरोध केला. त्याच्या देशाचं दार सातवं आलं होतं. पाणी या शब्दाचा उच्चार आतापर्यंत एकदाच झाला होता, तोही एकाला ठसका लागला म्हणून.

"लग्नाचा पत्ता नाही आणि पाळण्याच्या दोरीवरून मारामारी," मिस्त्री पुटपुटले. शेजारची दुभाषी बाई हसली, आणि हे भाषांतरात घ्यायचं का म्हणून तिने विचारलं.

मिस्त्रींना हसू आलं नाही. त्यांची थोरली लेक बोगद्यातली बस चालवायची. साडेअकराची फेरी पलीकडून तिचीच होती.

बोगद्यात ओल कुठे आहे, हे आख्ख्या जगात एकाच जागी लिहिलेलं होतं, बोगद्याचे तुकडे सांधलेल्या जोडांपैकी अठराव्याजवळच्या भिंतीवर. दर सोमवारी मिस्त्री ओलीच्या कडेने खडूची रेघ ओढत आणि तारीख टाकत. बावीस वर्षांच्या रेघा एकीबाहेर एक. आधीची सगळी वर्षं ओल बोटाबोटाने सरकली. गेल्या दोन महिन्यांत चार विती. वहीत उतरवायला मेहुणा सांगून थकला होता. मिस्त्री म्हणायचे, "भिंत कुठे पळून जाते का?"

भिंत पळाली नाही. पाहुणे यायचे म्हणून बोगद्याच्या साहेबांनी ती पांढरी करायला सांगितली. बाहेरचे रंगारी जोडांवर ओघळ सोडतील, म्हणून मिस्त्रींनी स्वतःच ब्रश घेतला. दोन हात दिले. पाहुण्यांसमोर आपला बोगदा गबाळा दिसू नये, एवढाच विचार. रेघा काय, पुन्हा ओढता येतील.

आता त्याच भिंतीचा फोटो व्यासपीठामागे दारभर उंचीचा टांगला होता. खाली लिहिलं होतं: बावीस वर्षं कोरडा.

अकरा वाजता मिस्त्रींना तीन मिनिटं बोलायला मिळाली.

"ओल वाढलीय," ते म्हणाले. "दोन महिन्यांत चार विती. दुसरा पंप आत्ता लागलाय. बोगदा आज बंद करा."

"वीत म्हणजे किती?" अध्यक्षबाईंनी विचारलं. मिस्त्रींनी पंजा ताणून दाखवला. दुभाषी बाईने माइकमध्ये सांगितलं, "वक्ते हात दाखवत आहेत."

"नोंद कुठे आहे?"

मिस्त्रींनी फोटोकडे बोट केलं. "तिथे होती. रंगाखाली."

"रंग कुणी दिला?"

"मी."

सभागृहात दोन दिवसांतलं पहिलं मोकळं हसू उमटलं. सातव्या दाराचा प्रतिनिधी तर डोळे पुसत होता. साहेब उठले, मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आमचे मिस्त्री बोगद्याची आईसारखी काळजी करतात. पण नियम स्पष्ट आहे. तिसरा पंप लागला की बोगद्याची फाटकं पाडायची. तिसरा लागलाय का?"

तिसरा लागणं शक्य नव्हतं. तो सभागृहाच्या दारात उभा होता, घासूनपुसून, गळ्यात निळी फीत. साहेबांनीच प्रदर्शनासाठी उचलून आणला होता.

"तो दारात आहे, साहेब."

"म्हणजे लागलेला नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा वक्ता पुकारला.

मिस्त्री बाहेर आले आणि पायऱ्यांवरून फोन लावला. अकरा वाजून चोवीस मिनिटं झाली होती.

"फाटकं पाड. दोन्हीकडची."

"तिसरा लागल्याशिवाय? लेखी आहे का?"

"पाड म्हणतो ना."

"दाजी, रंग तुम्ही दिलात आणि मान माझी जायची का? वहीत उतरवा म्हणत होतो तेव्हा..."

"साडेअकराच्या बसवर तुझी भाची आहे."

मेहुण्याने फोन ठेवला.

लेकीला फोन करून उपयोग नव्हता. स्टिअरिंगवर असताना कुणाचाही फोन उचलायचा नाही, बापाचासुद्धा नाही, ही शिस्त तिला मिस्त्रींनीच लावली होती.

अकरा एकोणतीसला अलीकडचं फाटक पडलं. पायऱ्यांवरून ते स्वच्छ दिसलं. पलीकडचं तिथून दिसत नाही. ते पाडतो पलीकडचा पहारेकरी, आणि त्याला कळवायचं काम मेहुण्याचं. त्या पहारेकऱ्यालाही सगळं लेखी लागतं.

आत ठराव मंजूर झाला: जाळं बांधावं की नाही हे ठरवण्याआधी त्याचं नाव ठरवायला उपसमिती नेमावी. चहाची सुट्टी झाली. प्रतिनिधी बाहेर येऊन तिसऱ्या पंपाशेजारी फोटो काढू लागले.

बस पलीकडे अडली की आत शिरली, हे विचारायला मिस्त्री अकरा चौतीसपर्यंत मेहुण्याला फोन लावत होते; तो वाजत होता, उचलला जात नव्हता. दुसरा पंप चालूच होता.