मेट्रनबाईंचं लेंडीखत

मेट्रनबाईंना गल्लीतलं कुणी नावाने हाक मारत नसे. चौतीस वर्षं दवाखान्याच्या वॉर्डांवर हुकूम गाजवलेली बाई. रिटायर झाली म्हणून मेट्रनची काय लगेच काकू होते? घरात मात्र त्यांचं पद दुसऱ्याच दिवशी गेलं. मुलगा म्हणाला, आई, आता तू नुसता आराम कर. सून म्हणाली, तुम्ही कशालाही हात लावू नका. सगळं प्रेमानेच हो, पण चार महिन्यांत बाईंना आपण या घरातली फुलदाणी झालोय असं वाटायला लागलं.

घरामागे चार खाटा मावतील एवढी मोकळी जागा होती. तिथे काँक्रीट घालून गाडी उभी करायचं मुलाने ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवूनच टाकलं. आईला सांगितलं ते जेवताना, ताट पुढे ओढता ओढता. बाई म्हणाल्या, तिथे मी भाजी लावणार आहे. खरं तर तोपर्यंत त्यांच्या मनात भाजीबिजी काही नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि मग मागे हटायची सोय राहिली नाही. मुलगा हसला. दोन महिन्यांत एक तरी हिरवं पान दाखव म्हणाला, नाहीतर ठेकेदार येणार. बाईंनी मान डोलावली.

मग काय विचारता! बाईंनी पदर खोचला. विटांचे तुकडे वेचले, जमीन खणली, वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या शेळीवालीकडून चार पोती लेंड्या आणल्या, त्याही ताज्या. त्या मातीत कालवून टोमॅटो-वांग्यांची रोपं लावली. वास असा सुटला की सून खिडक्या लावून बसली आणि शेजारीण कुंपणावरून नाक मुरडून गेली. आता चौतीस वर्षांची सवय कुठे जाणार? वास आला की मेट्रनच्या हाताला एकच औषध माहीत. बाईंनी फिनेलची बाटली आणली आणि वॉर्ड पुसून घ्यावा तसं कोपऱ्याकोपऱ्यात शिंपडलं. वास गेला. तिसऱ्या दिवशी रोपंही गेली.

"झालं आईचं," मुलगा सुनेला म्हणाला. बाईंनी ते ऐकलं. त्यांना रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला.

शेळीवालीने येऊन तो प्रकार पाहिला आणि पोट धरून खाली बसली. हसून झाल्यावर तिने बाईंचे कान टोचले. फिनेलने मातीतलं जिवंत ते सगळं मेलं, वरचा थर काढून टाका. आणि ताजी लेंडी गरम असते, मुळं भाजते. ढीग घाला, पाणी मारा, दर आठवड्याला खालीवर करा, तीन महिने कळ काढा. बाई म्हणाल्या, माझ्याकडे पाचच आठवडे उरलेत. शेळीवाली म्हणाली, ते शेळ्यांना सांगा.

बाईंनी कोपऱ्यात नव्या लेंड्यांचा ढीग घातला. रोज सकाळी त्यात लोखंडी गज खुपसायचा, थोड्या वेळाने काढून हातात धरायचा आणि स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेल्या कागदावर लिहायचं: चटका बसतो, ताप आहे. तिसऱ्या आठवड्यात सूनही येता-जाता विचारायला लागली, पेशंट कसा आहे? पाचव्या आठवड्यात ताप उतरायला लागला होता, पण उतरला नव्हता.

आणि ठेकेदार आला. टेम्पोत सिमेंटची पोती, सोबत मुलगा.

"आई, दोन महिने झाले. पान कुठे आहे?"

पान नव्हतं. आणखी दोन महिने कसे मागायचे याची वाक्यं बाई सकाळपासून जुळवत होत्या. तोंड उघडलं आणि आपण हात कुणापुढे पसरतोय हे त्यांचं त्यांनाच उमगलं. त्यांना स्वतःचीच चीड आली.

"नाही पान," त्या म्हणाल्या. "पण मला मुदत देणारा तू कोण? घर माझं, जागा माझी. तुझ्या अटीला मी मान डोलावली तीच चूक झाली. भाजी आली तर जागा माझी, असं नाहीये. नाही आली तरी माझीच."

"आणि काहीच उगवलं नाही तर?"

"तर परत लावीन. तेही जळलं तर परत लावीन. तुझी गाडी रस्त्यावर लाव."

आवाज वॉर्डातला होता. मुलाने तो लहानपणी दवाखान्याच्या दारातून ऐकलेला, घरात कधीच नाही. ठेकेदाराने मुलाकडे पाहायचंही टाळलं.

"पोती कुठे ठेवू, बाई?"

"जिथून आणली तिथे."

टेम्पो गेला तरी मुलगा तोंड पाडून तिथेच उभा होता. बाईंना वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्यांनी फावडं उचललं, ढिगात खुपसलं, तशी ओलसर वाफ वर आली.

"सरक बाजूला," त्या म्हणाल्या, आणि खालचं खत वर काढायला लागल्या.