दाराच्या अलीकडे

तिने म्हाताऱ्याच्या कानाची पाळी दोन बोटांनी वर ओढली आणि कानाच्या मशीनचा मापाचा पारदर्शक तुकडा हलकेच वळवत आत बसवला. टोचतंय का, असं खुणेने विचारलं. त्याने मान हलवली. टोचणार नव्हतंच. टोचू नये म्हणून तिने तो तुकडा तीनदा परत घासून आणला होता.

"इतकं कोण करतं गं आजकाल?" शेजारच्या खुर्चीतून त्याची बायको म्हणाली. "दोन ठिकाणी नुसतं मशीन हातात ठेवून वाटेला लावलं आम्हाला. तुझ्या रूपाने देवच भेटला बघ."

ती हसली. पोटातलं कळलं असतं, तर देवानेही कानांवर हात ठेवले असते.

म्हातारा एके काळी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा. एकतीस वर्षांपूर्वी प्रवेशपरीक्षेच्या दिवशी हॉलचं दार त्याच्या ताब्यात होतं. तिचा दादा सात मिनिटं उशिरा पोचला. दाराच्या काचेतून त्याने हात जोडले. सरांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि पाठ फिरवली. वयाच्या अटीत बसणारी ती शेवटची परीक्षा होती. दादा मग खडीच्या क्रशरवर कामाला लागला आणि सव्विसाव्या वर्षी, छातीत दगडाची भुकटी साठून, गेला. दार लागलं तेव्हा ती सात वर्षांची होती. अठराव्या वर्षी तिने मुद्दाम याच सरांच्या वर्गात नाव घातलं आणि शेवटच्या बाकावर बसून वर्षभर त्यांच्या मानेकडे बघत राहिली. बोलायचं धाडस मात्र झालं नाही.

वाक्य तेव्हापासून तयार होतं. तुम्ही दार लावलंत आणि माझा दादा मेला. बाकी सगळे शब्द तिने एकेक करून काढून टाकले होते.

महिन्यापूर्वी म्हातारा आपल्या पायांनी तिच्या कानाच्या क्लिनिकमध्ये आला, तोही जवळजवळ ठार बहिरा होऊन. बायको वहीत लिहायची, तो वाचायचा. लिहून दिलं असतं तर त्याने चष्मा पुसला असता, कागदाची घडी केली असती, खिशात टाकली असती. तसं नको होतं. ते कानातून आत जायला हवं होतं. म्हणून आधी त्याला कान द्यायचे ठरले, आणि उभ्या नोकरीत केलं नव्हतं इतकं मन लावून तिने हे काम केलं.

तिने कॉम्प्युटरवर आवाजाच्या पट्ट्या सरकवल्या आणि मशीन चालू केलं. म्हाताऱ्याने पंख्याकडे पाहिलं, मग बायकोच्या बांगड्यांकडे. त्याचे डोळे भरून आले.

"काहीतरी बोला सर," ती म्हणाली. "स्वतःचा आवाज कसा वाटतो, ते बघायचंय. एखादी जुनी आठवण सांगा."

आठवण तिने मुद्दामच मागितली होती. तो सांगू लागला. आयुष्यभर पोरांना नियम शिकवले, पण एकदाच नियम मोडला, आणि तेवढंच एक पुण्य गाठीला आहे, म्हणाला. परीक्षेच्या दिवशी एक मुलगा सात मिनिटं उशिरा आला. काचेपलीकडून हात जोडत होता. घड्याळ दाखवलं, पाठ फिरवली, पण चार पावलांवर पाय अडले. परत गेलो आणि दार उघडलं. आज तो पोरगा कुठेतरी मोठे पूल बांधत असेल.

तिची बोटं कळफलकावर थांबली. खोटं बोलणारा चेहरा तिने ओळखला असता. हा चेहरा निवांत होता. बायको मात्र मान खाली घालून पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

म्हणजे हा मनाने मागे जाऊन आला होता. कसा, कधी, कुणास ठाऊक. दार उघडून आला होता, आणि वर पुण्यही बांधून आणलं होतं. आता वाक्य टाकलं असतं तर याने नुसतं हसून म्हटलं असतं, छे, उघडलं होतं की.

तिने खुर्ची पुढे ओढली.

"सर, मी तुमच्या वर्गात होते. भूतकाळात जाता येईल का, यावर तुम्ही एक तास घेतला होता. आठवतंय?"

"तू माझ्या वर्गात?" तो खुलला. "आठवतंय तर. तू सांग, काय लक्षात राहिलं?"

"समजा, एखादा मागे गेला आणि ज्या दुखण्यापायी गेला, ते दुखणंच पुसून आला."

"मग त्याला जायला कारणच उरलं नाही," सरांनी वाक्य अलगद उचललं. "कारण नाही, तर तो गेला नाही. गेला नाही, तर दुखणं पुसलं नाही. म्हणजे एक वेळ जाता येईल, पण पुसता येणार नाही. बरोबर?"

"बरोबर. आता तुम्ही म्हणता, दार उघडलं. तो मुलगा माझा दादा. दार उघडलं असतं तर तो परीक्षेला बसला असता, क्रशरवर गेला नसता, आज असता. मग मी तुमच्या वर्गात कशाला आले असते? आज हे सगळं पोटात घेऊन तुमच्यासमोर कशाला बसले असते? पण मी बसलेय, सर."

"अगं, राहू दे," बायको पुटपुटली. "दार उघडलं असं स्वतःलाच सांगून सांगून, सतरा वर्षांनी त्यांना झोप लागायला लागली होती."

तिने वळूनही पाहिलं नाही. एकेक पायरी म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून खाली उतरताना ती बघत होती. उत्तर तिने सांगायचंच नव्हतं. ते त्याने, त्याच्या शास्त्राने, त्याच्या तोंडाने काढायचं होतं.

"म्हणजे मी दार उघडलं नाही," सर म्हणाले.

झालं. जे हवं होतं ते पदरात पडलं. म्हातारा खुर्चीत वीतभर लहान दिसत होता. तिने त्याला डोळे भरून पाहिलं, मग अजून थोडं पाहिलं.

पण सरांचा हिशेब संपला नव्हता. सवयीने त्यांचं बोट हवेत वर आलं, फळ्यावर मागची ओळ दाखवायला जातं तसं.

"मग दाराशीच का थांबायचं? अजून मागे जाऊ." आवाजात राग नव्हता, चुकवाचुकवी नव्हती. "तो मुलगा उशिरा का आला होता?"

एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आईनेही नाही.

त्या सकाळी दादा एक बूट पायात घालून घरभर लंगडत फिरला होता. पलंगाखाली वाकला, कपाटामागे बघितलं, आधी हसत, मग न हसता. दुसरा बूट पाण्याच्या पिंपामागे होता. तो तिथे कुणी ठेवला, हे घरात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते सात वर्षांचं माणूस पिंपाला पाठ लावून, दादाने आज घरीच राहावं म्हणून, तोंड दाबून हसत उभं होतं.

सर वाट पाहत होते. त्यांनी कान पुढे केला. मग कानातल्या मशीनवर बोटाने दोनदा टिचकी मारली.

"बंद पडलं वाटतं," ते बायकोकडे वळून म्हणाले. "ही काय म्हणाली?"

"काही नाही हो," बायको म्हणाली. "ती बोललीच नाही अजून."