टाळूवरचे तेल

आपल्याकडे मूल आजारी पडले की घरात डॉक्टर किती होतात, ते मोजू नये. शेजारीण चहाची साखर मागायला येते आणि औषध सांगून जाते. पोस्टमन पत्र देतो आणि काढा सांगून जातो. त्यातून मूल आठ-नऊ महिन्यांचे असले आणि त्याला जुलाब होत असले, तर या सगळ्या डॉक्टरांचे एकमत ठरलेले असते : दात येताहेत, आले की थांबतील. घाटकोपरला किरोळ गावाजवळच्या एका चाळीत, छप्पन्न सालच्या मे महिन्यात, याच एकमताने एक मुलगी हातची जायची वेळ आली होती.

मुलीचे नाव माणिक. बाप गुणाजी एका कारखान्यात फिटर, आई सुगंधा. पण घरात शब्द चालायचा तो गुणाजीच्या आईचा. म्हातारी मालवणकडची. तिला सहा मुले झाली, त्यातली चार जगली. नातीवर तिची माया इतकी की तिला जमिनीवर ठेवू द्यायची नाही, आणि हट्टही तेवढाच. माणिकला जुलाब सुरू झाले त्या पहिल्याच दिवशी तिने निकाल दिला.

"तिका पाणी दिव नको. जितक्या दितलस तितक्या बाहेर येतला."

अंगावरचे दूधही तिने दोन वेळांवर आणले. पोटाला विश्रांती हवी म्हणे!

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, माणिकची टाळू आत गेलेली दिसली. टाळू पडली तर ती तेलाने भरायची, हे आपल्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेले. म्हातारीने खोबरेलाची वाटी घेतली आणि थेंब थेंब जिरवत बसली. वाटी निम्मी झाली, पण टाळू काही वर येईना.

गुणाजीला घरात बसवेना. तो गॅलरीत जाई, विडी पेटवी, अर्धी टाकून आत येई, मुलीकडे बघे आणि पुन्हा बाहेर जाई. डॉक्टरला दाखवू या का, असे त्याने दोनदा विचारले. पोराबाळांतले पुरुषांना काय कळते, असे त्याला दोनदा ऐकावे लागले. कारखान्यात मशीन जरा वेगळे वाजले की हा माणूस ते बंद करून उघडून बघायचा. घरात मात्र तो विड्या ओढत राहिला.

सुगंधा नळावरून दुपटी धुऊन आली. तिचा पदर ओला झाला होता. मुलीला मांडीवर घेतले, तर तिने ते ओले टोक मुठीत धरले, तोंडात घातले आणि अधाशासारखी चोखू लागली. म्हातारीने ते ओढून काढले. माणिक रडली. रडली म्हणजे तोंड उघडले, आवाज निघाला, पण डोळ्यांत टिपूस आले नाही.

ते सुगंधाने पाहिले. सासूला उलट शब्द न बोलणारी ती पोर उठली, मुलीला उचलले आणि वरच्या मजल्यावर वसुधाबाईंकडे गेली. त्या म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात नर्स होत्या.

वसुधाबाई मुलीला घेऊन तशाच खाली आल्या. मुलीने लघवी कधी केली, हे त्यांनी विचारले. कोणालाच आठवेना. त्यांनी गुणाजीला तडक डॉक्टरकडे पिटाळले आणि चुलीवर पाणी उकळत ठेवले. ते निवले तशी त्यात साखर आणि चिमूटभर मीठ घातले. हात चालू असतानाच त्यांनी सांगितले, की दातांनी जुलाब होत नसतात. रांगते मूल खालचे काहीही तोंडात घालते, दुधावर माश्या बसतात, पाणी न उकळता पाजले जाते, आणि आळ मात्र बिचाऱ्या दातांवर.

"पण पाण्यान जुलाब वाढतले," म्हातारी म्हणाली.

"आई, बाहेर जातंय म्हणूनच आत घालायचं. टाळू वरून भरत नसते. अंगातलं पाणी संपलंय म्हणून ती खाली गेलीय. विहीर आटली तर आपण काठाला तेल लावतो का?"

पहिले चार चमचे माणिकने घटाघट घेतले आणि ओकून टाकले. म्हातारीने मान हलवली. वसुधाबाई दहा मिनिटे थांबल्या आणि पुन्हा चमचा भरला, या वेळी अगदी सावकाश. डॉक्टर आले, त्यांनी इंजेक्शन दिले आणि हेच पाणी चालू ठेवा, अंगावरचे दूध तोडू नका, असे बजावले. तासामागून तास गेले. तिसऱ्या प्रहरी सुगंधाची मांडी एकदम ओली झाली आणि ती हसता हसता रडू लागली. मुलीने लघवी केली होती!

म्हातारी कोपऱ्यातून उठली. तिने माणिकच्या टाळूवर बोट ठेवले. ती थोडी वर आली होती. बोट तिथेच ठेवून ती वसुधाबाईंना म्हणाली,

"बाई, माजो सहदेव असोच गेलो. त्येची टाळू अशीच पडली होती. मियां तेल घालीत रवलंय. शेवटाक माज्या हाताचो घाम चाटी होतो तो. म्हणजे तो पाण्याच्या तानेन गेलो?"

वसुधाबाईंनी तिचा हात धरला. तेव्हा तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, एवढेच त्या म्हणाल्या, आणि चमचा तिच्या हातात दिला. म्हातारीने तो भरला. निम्मे पाणी वाटेतच सांडले, पण निम्मे नातीच्या पोटात गेले.

वाचकहो, त्या माउलीची माया कधीच कमी नव्हती. पण अज्ञानाच्या हाताने केलेली माया लेकराचा घात करते. जुलाब होणाऱ्या मुलाचे पाणी तोडू नका. दूध तोडू नका. आणि डॉक्टरकडे जायला टाळू खोल जाण्याची वाट बघू नका.

माणिक आता चाळभर धावते. चाळीत कोणाचे मूल जुलाबाने आजारी पडले, की म्हातारी न बोलावता त्या घरात जाऊन उभी राहते. आधी टाळूला बोट लावते, मग चुलीकडे बघते आणि विचारते, "पाणी उकळत ठेवलंस?"